एक भित्रा अशील

वकिलीच्या धंद्यात भ्यालेली माणसे रोज दृष्टीस पडतात. कोणाला जप्तीची भीती, कोणाला भाऊबंदांची, कोणाला नुसत्या काळ्या कोटाची. तेव्हा भीती ही वस्तू आपल्या चांगल्या परिचयाची आहे असा आमचा समज होता. तो मोतीने खोटा ठरविला.

मोती हा कुत्रा. फोंडे तालुक्यातल्या आमच्या घरी तो आला तेव्हा नऊएक महिन्यांचा असावा. तोवरचे त्याचे सारे आयुष्य एका गुदामाच्या पाठीमागे हातभर साखळीला गेले होते. जनावराला गैरवाजवी आखूड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणे अपराध आहे, आणि पहिल्या अपराधाला दंड दहा ते पन्नास रुपये! मालकावर फिर्याद करण्यापेक्षा कुत्राच मागून घेणे आम्हांला सोयीचे वाटले.

घरी येताच तो आमच्या कचेरीतल्या बाकाखाली शिरला आणि चार दिवस तेथून हालला नाही. रात्री सारे निजल्यावर उकड्या तांदळाचा भात खाई. विळीचा आवाज झाला की थरथरे. छत्री उघडली की जमिनीशी सपाट होई. आम्ही मायेने वाकून, डोळ्यांत डोळे घालून, ‘मोती, मोती’ म्हणून हात पुढे केला की तो भिंतीत शिरू पाही. त्या मायेचा आम्हांला अभिमान होता, हे कबूल केले पाहिजे.

मग आम्ही ग्रंथांकडे वळलो. वकिलाला दुसरे काय सुचणार? तेथे कळले की पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा त्याच्या जगाशी ओळखीचा काळ असतो. अमेरिकेत फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले चौदा आठवडे माणसाच्या सहवासावाचून वाढविली. ती पुढे माणसाला रानटी श्वापदांसारखी बुजत राहिली. म्हणजे आमच्या अशिलाची मुदत आम्ही वकीलपत्र घेण्यापूर्वीच टळून गेली होती. तथापि, मुदत टळली म्हणून विलंब माफीचा अर्ज करू नये असे थोडेच आहे?

अर्ज केला, पण तो धसमुसळेपणाने. ‘सवय झाली की भीती जाईल,’ असे म्हणून आम्ही त्याला एका उत्सवाच्या संध्याकाळी साखळीने ओढत देवळाच्या वाटेवर नेले. नौबतखान्यात चौघडा सुरू झाला, पाठोपाठ ढोल-तासे. मोतीने मान अशी काही आकसली की पट्टा आमच्या हातात राहिला आणि कुत्रा कुळागरात नाहीसा झाला. दोन रात्रींनी परत आला तो लंगडत. शेजारच्या एका गृहस्थांनी सल्ला दिला की असल्या जनावराला दोन रट्टे दिले म्हणजे अक्कल येते. आम्ही तो सल्ला मानला नाही असे सांगता आले असते तर बरे झाले असते.

पुढच्याच आठवड्यात एक दावा आमच्या विरुद्ध गेला. घरी येऊन पाहतो तो एका जुन्या फायलीच्या चिंध्या बाकाखाली पसरलेल्या. आम्ही वर्तमानपत्राची गुंडाळी करून हात उगारला. मोती पळाला नाही. गुरगुरलाही नाही. त्याने डोळे मिटून घेतले आणि वाट पाहत राहिला. तो हात खाली आणायला आम्हांला किती वेळ लागला ते आठवत नाही. पण आई वसरीवरून पाहत होती. ती एवढेच म्हणाली, “तो भियेता रे! तुका दिसता ताका मस्ती आयल्या?”

त्या रात्री आम्हांला महाभारताचा आरंभ आठवला. आदिपर्वात जनमेजयाच्या सत्रात सरमेचा मुलगा येतो. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. त्याने हविर्द्रव्य चाटलेले नसते, त्याकडे पाहिलेलेही नसते. सरमा येऊन विचारते की निरपराध लेकराला का मारले? भाऊ निरुत्तर होतात. एवढ्या मोठ्या ग्रंथातील ही अगदी पहिल्या काही फिर्यादींपैकी एक, आणि फिर्यादी कुत्री! ती शाप देते तोही पाहा: तुम्हांवर न दिसणारे भय येईल. कुत्र्याला ज्याचा अनुभव होता तेच तिने राजाला दिले.

असो. पुढचा धडा आम्हांला ग्रंथातून मिळाला नाही, आईकडून मिळाला. आई सोवळ्याची. कुत्रा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही आणि आपल्याला शिवणार नाही, या दोन अटींवर तिने त्याला घरात घेतले होते. दुपारी ती वसरीवर वाती वळीत बसे आणि मोतीकडे ढुंकूनही पाहत नसे. आणि तो? बाकाखालून निघून हळूहळू तिच्यापासून चार हातांवर येऊन बसू लागला. आम्ही आश्चर्याने पुढे सरसावलो तर ती मान वर न करता म्हणाली, “ताचेकडेन पळोवं नाका.”

तेव्हा आम्हांला आमची पहिली उलटतपासणी आठवली. आवाज फुटत नव्हता. शेजारी बसलेले आमचे ज्येष्ठ वकील आमच्याकडे न पाहता शांतपणे कागद चाळीत राहिले. त्यांनी धीराचा एक शब्द जरी उच्चारला असता तरी आम्ही तेथेच कोसळलो असतो.

आम्ही वसरीवर पाठमोरे बसायला शिकलो. बाजूला उकडलेल्या, काटे काढलेल्या बांगड्याचे चण्याएवढे तुकडे टाकायचे आणि ‘केसरी’चे जुने बाड वाचायचे. सोमवारी घरात मासळी शिजत नाही, म्हणून त्या दिवशी रताळे. सोमवारची प्रगती यथातथाच असे. तीन आठवड्यांनी एक थंडगार नाक आमच्या कोपराला लागले. आम्ही पान उलटले.

चौघड्याची भीती याहून अवघड. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या बाईंनी सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली: मूल खात असताना ससा दूर ठेवायचा आणि दिवसागणिक थोडाथोडा जवळ आणायचा. आम्ही तोच क्रम धरला. देऊळ जवळ आणता येईना, म्हणून कुत्रा नेऊ लागलो. प्रथम कुळागराच्या पलीकडे, जेथे चौघडा मधमाशांच्या गुणगुणण्याइतकाच ऐकू येई. मोती खातो तोवर अंतर बरोबर. खाणे थांबवून कान मागे टाकले की आपण फार पुढे आलो, मुकाट्याने परतायचे. गडग्यापासून फणसापर्यंत यायला पावणेदोन महिने लागले. मग कोणी फणसाखाली फटाका लावला आणि आम्ही पुन्हा कुळागरापलीकडे गेलो. न्यायालयात तारीख पडली की आम्ही चरफडतो; येथे प्रत्येक तारीख उपयोगी पडली.

शिगम्यापर्यंत तो देवळाच्या तळीपाशी बसून खाऊ लागला. त्यापुढे मात्र तो गेला नाही, आणि आम्ही नेलेही नाही. काही भीती राहिल्या आहेत. काठी घेतलेला अनोळखी पुरुष आजही त्याला सहन होत नाही.

यंदा नरकासुराच्या रात्री गावभर कर्ण्यांचा आणि फटाक्यांचा कल्लोळ होता. आम्ही दारे-खिडक्या लावून कचेरीत जमिनीवर अंथरूण घातले. मोती बाकाखाली होता; पण त्याची पाठ आमच्या पायाला टेकलेली होती. पहाटे नरकासुर जळले, आवाज ओसरले. आईने अभ्यंग केले, कारीट फोडले आणि रोसातले फोव घेऊन वसरीवर आली. केळीच्या पानाच्या तुकड्यावर घासभर फोव तिने नेहमीप्रमाणे लांबून सरकविले. मोती बाहेर आला, फोव खाल्ले, आणि तिच्या लुगड्याला अंग टेकून बसला. आई हलली नाही. बऱ्याच वेळाने, तो झोपल्यावर, हळूच उठली आणि दुसऱ्यांदा न्हायला गेली.