आईचा प्रश्न

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या, तेव्हा आम्ही पुण्यात सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो. तेलाचे राजकारण, सत्तेचा समतोल, संयुक्त राष्ट्रसंघाचे ठराव असे बरेच काही आम्ही वाचनालयात टिपून घेतले होते. रविवारी क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चमध्ये मिस्साबलीनंतर एक माता भेटली. मुलगा कुवेतला अडकलेला. तिच्यापुढे आम्ही ते सारे ज्ञान मांडले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ब्रदर, माझा पोरगा जेवला असेल का?" आम्ही निरुत्तर झालो.

पुढे सुमारे १ लाख ७० हजार भारतीय, बहुतेक अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आणले गेले. तिचा मुलगाही आला. जागतिक राजकारणाचे वाचन आम्ही सोडले नाही. मात्र युद्धाची वार्ता येताच आम्हांस प्रथम त्या माउलीचा प्रश्न आठवतो.