लेहरा धरणारा

१९९७ साली एका दिवाळी अंकात मी लिहिलं होतं की अमेरिकेतल्या फंक नावाच्या संगीतात वाढ नाही. दोन-चार सुरांची एक ओळ दहा-दहा मिनिटं वाजत राहते, वर एक माणूस ओरडतो आणि खाली लोक नाचतात. रागसंगीतावर पोसलेल्या कानाने तिथे जाऊच नये, असंही ठासून म्हटलं होतं. लेख पुष्कळांना आवडला. पुढे वीसेक वर्षं वर्गात, व्याख्यानांत, ओळखीच्यांच्या बैठकीत मी तेच सांगत आलो. ते चूक होतं. आणि ती चूक सगळ्यात आधी माझ्याच लक्षात यायला हवी होती, कारण माझं निम्मं आयुष्य लेहरा धरण्यात गेलं आहे.

तबल्याच्या मैफली ऐकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. एकल तबला वाजतो तेव्हा पेटीवर किंवा सारंगीवर एक छोटी सुरावट अखंड फिरत असते, तोच लेहरा. त्रितालात सोळा मात्रांची, रूपकात सात. तबलजी कायदे, रेले, तुकडे, चक्रदार असा कुठेही फिरून आला तरी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे हे त्याला त्या सुरावटीतून कळतं. सुरावट वाजवणाऱ्याने हलायचं नाही. लय चढवायची नाही, उतरवायची नाही, हरकत घ्यायची नाही. सोळाव्या वर्षी आमच्या सरांनी मला पेटीवर बसवलं आणि चंद्रकंसचा लेहरा हातात दिला. त्यानंतर किती तास तो वाजवला याचा हिशेब नाही. कार्यक्रमांच्या पत्रिकांवर तबलजीचं नाव असायचं, कधी त्याच्या गुरूंचं, कधी माईकवाल्याचंही. लेहरा धरणाऱ्याचं नसायचं. एका संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात सलग तीन संध्याकाळी पाच तबलजींना लेहरा दिला. आभाराच्या वेळी सतरंज्या घालणाऱ्या मुलांची नावं घेतली गेली, माझं राहिलं. घरी येऊन मी पेटी झाकून ठेवली आणि दोन महिने उघडली नाही.

तरीही तोच तोच सूर धरून ठेवण्याला मी संगीत मानत नव्हतो. ती सेवा वाटायची. खरं संगीत वर, तबल्यावर घडतं आणि मी खाली जमीन धरून बसलोय, असं मीच मानत होतो. मनात ही उतरंड पक्की असल्यावर फंकबद्दल वेगळं मत होणार तरी कुठून?

फंकमधलं मोठं नाव जेम्स ब्राउन. तो मला 'रॉकी ४' या चित्रपटातून माहीत होता. मुष्टियुद्धाआधी चकचकीत कपड्यांत 'लिव्हिंग इन अमेरिका' गाणारा माणूस. तेवढ्यावरून मी त्याचा निकाल लावला होता.

माझा भाचा ड्रम वाजवतो. नोकरीसाठी बंगळूरला जाताना त्याने सामानाची दोन खोकी आमच्याकडे ठेवली. त्यात ब्राउनच्या गाण्यांचा चार सीडींचा एक संच होता, 'स्टार टाइम'. १९९१ साली निघालेला, ७१ गाण्यांचा. सुरुवातीला १९५६ चं 'प्लीज, प्लीज, प्लीज', शेवटी १९८४ चं 'युनिटी'. आमच्याकडे 'सुवर्णगीते' म्हणून कॅसेटी निघायच्या तसं काही असेल, म्हणून मी तो कित्येक महिने उघडलाच नाही. संकलनांबद्दल मला अढी होती. कलाकाराने जे एका बैठकीत, एका विचाराने मांडलं ते तोडायचं आणि खपणारे तुकडे एकत्र बांधायचे, हा दुकानदारीचा भाग वाटायचा.

ती अढी आधी मोडली. हे संगीत मुळात निघालं ते पंचेचाळीस फेऱ्यांच्या लहान तबकड्यांवर. एका बाजूला तीनेक मिनिटं मावत. स्टुडिओत बँड सात-आठ मिनिटं एका दमात वाजवायचा आणि कंपनी ते मधोमध कापून एका बाजूला भाग १, दुसऱ्या बाजूला भाग २ असं छापायची. म्हणजे ज्या तोडफोडीचा आरोप मी संकलनावर करत होतो ती आधीच होऊन गेली होती. संकलन करणाऱ्यांनी मूळ ध्वनिफिती शोधून काढल्या आणि पुष्कळ गाणी परत सांधली.

'पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग' हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. फेब्रुवारी १९६५, नॉर्थ कॅरोलायनातलं शार्लट शहर. दौऱ्यावर निघालेला थकलेला बँड वाटेत एका स्टुडिओत थांबला आणि गाणं ध्वनिमुद्रित करून पुढे गेला. बाजारात आलेल्या तबकडीवर गाणं छाटलेलं होतं आणि फीत जरा वेगाने फिरवून त्याची लयही चढवलेली होती. जगाने ऐकलं ते हे चढवलेलं रूप. 'स्टार टाइम'वर मूळ फीत आहे, मूळ गतीने, जवळजवळ सात मिनिटं. सुरू होण्याआधी ब्राउन खात्रीने सांगतो की हे गाणं गाजणार, आणि मग ती संथ, वजनदार लय पडते. मध्य लय आणि द्रुत लय यांत बंदिशीचा स्वभाव बदलतो हे आम्ही शिष्यांना सांगत असतो. इथे एकाच ध्वनिमुद्रणाचे दोन स्वभाव होते आणि खरा पंचवीसेक वर्षं फितीत बंद होता.

संचाबरोबरच्या पुस्तिकेत कोणतं गाणं कधी, कुठे वाजवलं आणि कोणी वाजवलं याची नोंद आहे. तिच्यातल्या लेखनाला पुढे ग्रॅमी मिळालं. मी ती समोर ठेवून ऐकायला लागलो. नाव एकट्याचं असलेल्या त्या खोक्यात माणसांची रांगच्या रांग निघाली. गिटारवर जिमी नोलन, सॅक्सोफोनवर मेसिओ पार्कर, ड्रमवर जॅबो स्टार्क्स आणि क्लाइड स्टबलफील्ड, ब्राउनच्या हाकेला ओ देणारा बॉबी बर्ड. हा बर्ड तर तरुण ब्राउन जॉर्जियात तुरुंगात होता तेव्हापासूनचा सोबती.

तरी ऐकून पटलं असं म्हणणार नाही. पटलं ते वाजवून.

भाचा सुट्टीला आला होता. त्याला 'कोल्ड स्वेट'चा रियाज करायचा होता. १९६७ चं हे गाणं ब्राउन आणि त्याचा सॅक्सोफोनवादक पी वी एलिस यांनी मिळून बांधलं. ब्राउनने एक घुमारा गुणगुणून दाखवला आणि एलिसने सिनसिनाटीला जाणाऱ्या बसमध्ये त्यावर गाणं रचलं. भोंग्यांची, म्हणजे सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्यांची, ओळ जाझवादक माइल्स डेव्हिसच्या 'सो व्हॉट'वरून सुचल्याचं एलिस सांगायचा. जवळजवळ सगळं गाणं एका जागी उभं आहे. भाचा म्हणाला, "मामा, तू पेटीवर भोंग्यांचे दोन सूर धर. बाकी काही नको."

दोनच सूर. लेहऱ्यात पंचवीस वर्षं घालवलेल्या हाताला ते काय अवघड? मी भाता मारला आणि सुरू केलं. दहा-बारा आवर्तनांतच लक्षात आलं की मी दर वेळी किंचित आधी येतोय. भाचा काही बोलला नाही, नुसता हसून परत पहिल्यापासून सुरू करायचा. तिसऱ्या वेळी मला कारण सापडलं. या ठेक्यात स्नेअर ड्रमचा पहिला ठोका दुसऱ्या मात्रेवर, जिथे हवा तिथे पडतो. दुसरा चौथ्या मात्रेवर यायला हवा, पण तो तिथे येत नाही. अर्धी मात्रा उलटून जाते आणि मग तो पडतो. माझा कान चौथ्या मात्रेवर पाय टेकवायला जायचा आणि तिथे पायरीच नसायची. त्या पोकळीत माझी बोटं घाबरून पुढे धावत होती.

लेहरा भरलेला असतो. सोळाच्या सोळा मात्रांत सूर असतो, वाजवणाऱ्याला टेकायला सगळीकडे जागा असते. इथे प्रत्येकाकडे मोजके दोन-तीन सूर, आणि मध्ये रिकामी जागा. गिटारची कोंबडीच्या उकरण्यासारखी खरखर बासने सोडलेल्या जागेत, भोंगे गिटारने सोडलेल्या जागेत. सगळे जण एकदम भेटतात ते पहिल्या मात्रेवर. ब्राउन तिला 'द वन' म्हणायचा आणि सगळा जोर तिच्यावर ठेवायचा. आपल्याला समेची ओढ शिकवावी लागत नाही, त्यामुळे हे पटकन कळतं. पण आपल्याकडे समेपर्यंत येण्याचा प्रवास एकाचा असतो. इथे आठ-दहा माणसं आपापला एकेक तुकडा घेऊन निघतात, कोणाकडेच पूर्ण ओळ नसते, आणि एक जण केसभर सरकला की सगळ्यांचं ढासळतं. ज्याला मी 'वाढ नाही' म्हणत होतो ते संगीत उंचीत वाढतच नव्हतं, ते या फटींमध्ये वाढत होतं. तिथे मी कधी कान दिला नव्हता.

त्या रात्री झोप लागेना म्हणून तिसरी सीडी लावली. त्यात 'फंकी ड्रमर' आहे. २० नोव्हेंबर १९६९ रोजी सिनसिनाटीत वाजवलेलं. बराच वेळ बँड एकाच चालीवर फिरत राहतो आणि मग ब्राउन बाकीच्यांना थांबवून ड्रमवाल्याला पुढे घेतो. मी सावरून बसलो. आमच्याकडे अशा वेळी तबलजी सगळी पुंजी बाहेर काढतो. ब्राउन मात्र त्याला सांगतो की सोलो वाजवायची गरज नाही, जे चाललंय तेच धरून ठेव. आणि स्टबलफील्ड तेच करतो. आठ बार, बत्तीस मात्रा, म्हणजे त्रितालाची दोन आवर्तनं, जेमतेम वीस सेकंद. उजवा हात हाय-हॅटच्या झांजांवर न थकता बारीक चालतो, डावा हात स्नेअरवर मोठ्या ठोक्यांच्या मधे इतके हलके ठोके टाकत जातो की ते ऐकू येण्याआधी जाणवतात. तुकडा नाही, तिहाई नाही, कसलीही करामत नाही. बाकीचे गप्प आणि एकटा ठेका उजेडात.

मला रडू आलं. पेटीवर बसून मी जे करत होतो तेच कोणीतरी मध्यभागी ठेवलं होतं आणि त्याला काही जोडायला नकार दिला होता.

पुढे त्या वीस सेकंदांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, मलाच उशिरा कळलं. सॅम्पलर यंत्रं आल्यावर रॅपवाल्यांनी तो ठेका उचलला. पब्लिक एनिमीचं १९८९ चं 'फाइट द पॉवर' त्यातलंच, आणि अशी शेकडो गाणी. 'कोल्ड स्वेट'वर एलिसचं नाव रचनाकार म्हणून आहे, पण 'फंकी ड्रमर' कागदोपत्री एकट्या ब्राउनचं. ड्रमचा ठेका ही रचना धरलीच जात नाही. त्यामुळे स्टबलफील्डला त्या सगळ्यातून हक्काचं मानधन मिळालं नाही. टेनेसीतल्या चॅटनूगात कारखान्यांचे आणि आगगाड्यांचे आवाज ऐकत तो वाजवायला शिकला होता. उत्तरायुष्यात विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी राहून वर्षानुवर्षं दर सोमवारी स्थानिक बँडबरोबर वाजवत राहिला. २०१७ साली तो गेला. त्याचं नाव मी पुस्तिकेत वाचलं तेव्हा तो हयात नव्हता, याची मला फार रुखरुख आहे.

ब्राउनला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. चुकीच्या सुराला, धूळ बसलेल्या बुटाला तो दंड करायचा आणि नाचता नाचता बोटांनी रक्कम दाखवायचा, असं त्याच्याच वादकांनी सांगून ठेवलं आहे. मार्च १९७० मध्ये बँडने पैशांसाठी आणि वागणुकीसाठी अडवून धरलं, तेव्हा त्याने आपलं विमान धाडून सिनसिनाटीहून अठरा वर्षांचा बूट्सी कॉलिन्स आणि त्याचे साथी आणवले आणि त्याच रात्री त्यांना घेऊन रंगमंचावर उभा राहिला. जुने वादक बाजूला उभे राहून बघत असतील तर त्यांना काय वाटलं असेल, ते मला सांगता येईल. पण त्याच मुलांनी पुढच्याच महिन्यात 'सेक्स मशीन' वाजवलं आणि त्यात बास पुढे आला, गिटार आणखी तासली गेली. एका माणसाच्या कारकिर्दीचं संकलन म्हणून खोकं उघडावं आणि वादक बदलले की संगीत कसं बदलतं ते गाणं दर गाणं ऐकू यावं, हे सुट्या तबकड्यांतून मला कधी उमगलं नसतं. चौथ्या सीडीत ही गंमत पातळ होत जाते. तिथे मी फारसा रेंगाळत नाही.

त्या दिवाळी अंकाचे संपादक आता नाहीत आणि अंकही बंद पडला, म्हणून दुरुस्ती इथे देतो आहे. ज्या विद्यार्थ्यांना मी ते मत शिकवलं त्यातल्या चौघांना फोन केले. एकीने विचारलं, "मग सर, लेहऱ्याबद्दल तुम्ही जे सांगायचात ते?" मी तिला म्हटलं, तेही चूक होतं.

'कोल्ड स्वेट'चे दोन सूर मी रोज सकाळी धरतो. भाच्याने ठेका वाजवून पाठवला आहे, तो लावून. गेल्या रविवारी पहिल्यांदा सलग चार मिनिटं निभावली. मग चौथ्या मात्रेनंतरच्या त्या अर्ध्या मात्रेत बोट पुन्हा आधी पडलं. मी थांबलो, भाता भरून घेतला आणि पुढच्या समेची वाट पाहिली.