मिटलेली मूठ आणि यंत्र

पक्षाघातानंतर हात लवकर मिटतो आणि उशिरा उघडतो. मेंदूकडून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या मार्गाला इजा झाली की बोटे मिटवणारे स्नायू ताठरतात, उघडणारे मात्र दुबळे पडतात. रुग्ण पेला धरतो, पण त्याला तो सोडता येत नाही. खांदा आणि कोपर सावरल्यावरही बोटे बरेचदा मागे राहतात. हातासाठीच्या यंत्रांचा खरा कस बोटे उघडण्यात लागतो.

यंत्र लागते ते मुख्यतः सरावाच्या संख्येसाठी. अमेरिका आणि कॅनडातील उपचारसत्रांची 2009 साली प्रसिद्ध झालेली मोजदाद सांगते, की एका सत्रात हाताच्या उपयोगी हालचाली सरासरी 32 होतात. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची फेरजुळणी दिसली, तिथे हा आकडा शेकड्यांत होता. थेरपिस्टचे हात थकतात, मोटर थकत नाही.

काही यंत्रे बोटांची टोके धरून ती पुढेमागे नेतात. काही सांगाड्यासारखी बोटांच्या पाठीवर बसतात. त्यांचे सांधे माणसाच्या सांध्यांशी नेमके जुळावे लागतात आणि अंगठ्यापाशी हे गणित सर्वांत अवघड होते. मऊ हातमोजे हवेच्या दाबाने किंवा बारीक केबलींनी बोटे ओढतात. ते हलके असतात, पण फार ताठरलेल्या मुठीपुढे कमी पडतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात विकसित झालेल्या ‘प्लूटो’ची मांडणी वेगळी आहे. मोटर एकच, मनगट, पुढचा हात आणि मूठ यांसाठी तिच्यावर निरनिराळे जोड बसवता येतात. भारतीय रुग्णालयांना परवडण्याच्या दृष्टीने ही दिशा योग्य आहे.

रचनेपेक्षाही महत्त्वाचे आहे ते नियंत्रण. यंत्रच बोटे हलवू लागले की रुग्णाचा प्रयत्न थांबतो; सांधा मोकळा राहतो, पण मेंदू फारसे शिकत नाही. म्हणून चांगले यंत्र आधी रुग्णाच्या प्रयत्नाची वाट पाहते, स्नायूतला क्षीण विद्युतसंकेत किंवा बोटाचा हलका जोर ओळखते आणि उरलेल्या अंतरापुरतीच मदत करते. रुग्ण सुधारत जाईल तशी ही मदत कमी व्हायला हवी.

तरीही यंत्राची मर्यादा मान्य करावी लागते. ब्रिटनमधील 770 रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. रोबोच्या सरावाने हाताच्या हालचालीत थोडा फरक पडला, पण हाताने काम करण्याच्या क्षमतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा ठोस वाढ दिसली नाही. पडद्यावरचा खेळ जिंकणारा हात सदऱ्याचे बटण लावेलच, असे नाही. त्यामुळे यंत्रातून हात काढल्यावर लगेच, त्याच सत्रात बटण, किल्ली आणि पेला यांचा सराव व्हायला हवा. घरासाठी हातमोजा विकत घेण्यापूर्वी कुटुंबीयांनी थेरपिस्टला दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: रुग्णाचा स्वतःचा प्रयत्न हे यंत्र ओळखते का, आणि त्यानंतरचा सराव कोण करून घेणार?