दहा मिनिटं

'स्वोर्ड आर्ट ऑनलाइन' इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका रात्रीत संपवली होती. गेममध्ये 10,000 खेळाडू अडकतात, लॉगआउटचं बटणच गायब! आम्हाला कौतुक किरितोच्या तलवारींचं. रेकी कावाहारांच्या मूळ कादंबरीतली अट नंतर वाचली: डोक्यावरच्या नर्व्हगिअरची वीज 10 मिनिटं गेली, तर खेळाडू मेला.

2021 च्या एप्रिलमध्ये सिडकोतल्या घरी बाबांना ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. दुपारी लाइट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी. आई बाबांकडे नाही, घड्याळाकडे बघत होती.

सातव्या मिनिटाला लाइट आली.

परवा मालिका पुन्हा लावली. यावेळी लक्ष सगळं हॉस्पिटलातल्या पलंगांकडे. दोन वर्षं ते प्लग कुणी सांभाळले असतील? मालिका तिथे फारशी थांबत नाही. बाबा शेजारी बसून विचारत होते, "हा काळ्या कोटातला कोण रे?"