नानांच्या ओट्यावर पाच चिरूट

कांद्यावरचे फुलकिडे आणि भाताची रोपवाटिका याबद्दल लिहिणारा हा कृषी खात्याचा माणूस आज चिरुटावर लिहायला बसला, हे पाहून तुम्ही चष्मा पुसून पुन्हा मथळा वाचाल. वाचा. मथळा बरोबर आहे. वाचून झाल्यावर दुकानात चिरूट शोधायला मात्र जाऊ नका. का, ते शेवटी येईल.

माझी नेमणूक खेड तालुक्यात आणि बिऱ्हाड पिंपरीत. त्यामुळे पिंपरी ते चाकण हा रस्ता माझ्या पायाखालचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढच्या दशकात टेल्को आली, आणि जिथे जोंधळा डुलायचा तिथे भोंगे वाजू लागले. भोसरी, मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की पूर्वी हवा बदलायची, ओल्या मातीचा वास यायचा. आता पुलापलीकडेही कंटेनरची रांग असते. चिंबळी, कुरुळी, मग चाकण. शाहिस्तेखानाच्या फौजेला १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी जवळजवळ दोन महिने झुंजवले तो संग्रामदुर्ग इथलाच. त्याची पडकी तटबंदी आजही उभी आहे. तिच्या आसपास आज साऱ्या जगाच्या मोटारी जोडल्या जातात.

म्हाळुंग्याच्या बाजूला माझे एक जुने शेतकरी स्नेही राहतात. आपण त्यांना नाना म्हणू. नानांची बरीच जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. उरलेल्या दोन एकरांत ते अजून कांदा करतात आणि मोबदल्याच्या पैशातून बांधलेल्या खोल्या भाड्याने देतात. एका खोलीत परदेशी अभियंता राहत होता. मुदत संपून तो मायदेशी निघाला तेव्हा नानांच्या हातात एक लाकडी पेटी ठेवून गेला. पेटीत चार चिरूट. नाना माळकरी, त्यांच्या काय उपयोगाचे! त्यांनी मला निरोप धाडला, "साहेब, तुम्ही तंबाखूच्या मुलखातलं. येऊन बघा तरी, ही पानं हाईत कसली."

मी मूळचा कागल तालुक्यातला, निपाणीच्या अलीकडचा. आमच्या घरी बिडीची तंबाखू पिकायची. शेंडा खुडायचा, बगलेतले फुटवे काढायचे, उन्हात पान वाळवायचे आणि पहाटेच्या दवाने ते मऊ पडले की उचलायचे, ही कामे मी शाळेच्या वयात केली. हिरव्या पानाचा काळा चिकटा हाताला बसला की राख लावून घासला तरी जात नसे. कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन नोकरीला लागलो, पण पानाची ओढ सुटली नाही. निरनिराळ्या मुलखांतले चिरूट मिळतील तसे आणायचे, कापून पाहायचे, थोडे ओढायचे आणि वहीत नोंद करायची, असा छंद मला गेल्या काही वर्षांत जडला. आमच्या सौभाग्यवती याला छंद म्हणत नाहीत, त्यांचा शब्द वेगळा आहे. म्हणून घरी न ओढता मी नानांच्या ओट्यावर बसायचो.

चिरूट हा शब्दच मुळी तमिळमधला, 'चुरुट्टु' म्हणजे गुंडाळलेले. तंबाखूचे रोप पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले आणि आधी दख्खनमध्ये रुजले. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला होता. सतराव्या शतकाच्या आरंभी त्यानेच तिथून तंबाखू नेऊन बादशहाला दाखवली. म्हणजे दिल्लीने धूर काढायला शिकावे ते आपल्या दख्खनकडून!

पेटीतल्या चारांत मी एक आपला घातला. एक सहकारी तमिळनाडूत गेले होते, त्यांनी तिरुचिरापल्लीचा चिरूट आणला होता. त्याचे पान दिंडिगुलकडचे आणि वळणावळ तिरुचीच्या उरैयूर भागातली. एके काळी या चिरुटांची कीर्ती इंग्लंडपर्यंत होती. शेरलॉक होम्सच्या १८८७ च्या पहिल्याच कथेत तो गुप्तहेर राखेवरून 'त्रिचनापल्ली' चिरूट ओळखतो.

पाच चिरूट, पाच रविवार. वहीत मी वाणांच्या चाचणीसारखे रकाने आखले: बाहेरचे पान, ओढ, जळण, राख, चव, शेवट. पहिला चिरूट आधी पात्याने उभा चिरून नानांना आतली रचना दाखवली. आत पोटाची पाने, त्यांना आवळणारे एक बांधणीचे पान आणि सर्वांवर गुळगुळीत वेष्टनाचे पान. पोटात झाडाच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या पानांचे मिश्रण असते. खालचे पान हलके आणि चांगले जळणारे, मधले सुवासिक, शेंड्याकडचे जाड आणि कडक. वेष्टनाचे पान पातळ, डागाविना हवे. म्हणून क्यूबात आणि अमेरिकेच्या कनेक्टिकट खोऱ्यात ते कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. नाना हसले, "म्हंजे आपलं शेडनेटच की!"

पान सावलीत टांगून वाळवल्यावर त्याचे ढीग रचतात. ढीग कंपोस्टासारखा आतून तापतो. उष्णता मर्यादेबाहेर जाऊ लागली की मोडून, आतली पाने बाहेर घेऊन पुन्हा रचायचा. यात पानातला अमोनियाचा उग्र दर्प निघून जातो. ही घाई केलेला माल ओढताच कळतो, नाकात झणका येतो.

चिरलेला चिरूट डोमिनिकन प्रजासत्ताकाचा. त्याची पोटातली पाने चुरून मी हुंगली आणि उरलेली कागदाच्या सुरळीत ओढली. सौम्य, वाळल्या गवताच्या वासाची. निकाल: बरी, पण लक्षात राहणार नाही.

दुसरा निकाराग्वाचा. इथे माझी फजिती झाली. चिरुटाचा धूर तोंडातच घोळवून सोडायचा असतो. मी सवयीने बिडीसारखा छातीत ओढला. डोके गरगरले आणि ओट्यावर आडवा झालो. वहिनींनी गूळ-पाणी आणून दिले आणि नानांकडे असे पाहिले, की पुढचा अर्धा तास कोणी बोलले नाही. सावरल्यावर नोंद केली: मिऱ्याचा तिखटपणा, जळण एकसारखे, राख पांढरट आणि घट्ट.

तिसरा क्यूबाचा. त्याची किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर ओढवली नसती. पण चाकणच्या उन्हाळ्यात पेटीतली ओल उडाली होती आणि वेष्टनाला चीर गेली होती. चिरुटाला साठवणीत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता लागते. कमी पडली तर पान तडकते, वाढली तर बुरशी. पहिल्या तिसऱ्या भागात भाजलेल्या कॉफीची आणि लाकडाची चव आली, पुढे मात्र धूर गरम होऊन कडवटला. निकाल: पीक उत्तम, साठवण वाया.

चौथ्यावर नावाचा कागदी पट्टाच नव्हता. तो पुन्हा पुन्हा विझायचा, राख काळपट. यावर मी नानांना खात्याचे व्याख्यान दिले. पानात क्लोराईड जास्त गेले की तंबाखू नीट जळत नाही. म्हणून या पिकाला म्युरेट ऑफ पोटॅश टाळून सल्फेट ऑफ पोटॅश देतात आणि खारट विहिरीचे पाणीही टाळतात. नानांनी सगळे ऐकून घेतले, तो चिरूट हातात घेतला आणि बुडाशी दाबून पाहिला. म्हणाले, "साहेब, खताचं ऱ्हाऊ द्या. ह्याची मान वाळली न्हाई. दांडा ओला असतानाच बांधलाय." मी उकलून पाहिले. पोटातल्या पानांची जाड शीर काढलेलीच नव्हती, आणि तिच्यात ओल होती. कांदा काढल्यावर पातीने झाकून शेतात सुकवायचा, मान बारीक झाल्याशिवाय चाळीत भरायचा नाही, हे नानांचे हात जन्मभर करत आले. आयुष्यात कधी धूर न घेतलेल्या माणसाने पदवीधराला हरवले!

पाचवा तिरुचीचा. आकाराने ओबडधोबड, वासाने गावरान, चवीला रोखठोक. जळला छान. गुण दिले तर क्यूबाच्या त्या तडकलेल्या चिरुटापेक्षा दोन जास्तच.

तो संपता संपता नानांनी सहज विचारले, "ज्यानं हे पान पिकवलं, त्यानं कधी ही चव घेतली असंल का हो? त्याच्या मालाला काय मोल हाय, ते त्याला कुणी सांगितलं असंल?"

वाचकहो, या प्रश्नाने मी गप्प झालो. डोळ्यांपुढे वडील आले. वडील चिमूटभर तंबाखू तळहातावर चोळून, एकदा हुंगून सांगत, की हे पान कोणत्या वावरातले आणि दव किती खाल्लेले. पण व्यापाऱ्याचा माणूस यायचा, ढिगात हात घालायचा, तोंड वाकडे करायचा आणि प्रत ठरवायचा. वडील बाजूला हात बांधून उभे. एवढी पारख असलेला माणूस तिथे मुका व्हायचा, कारण त्याची पारख त्याच्या डोक्यात होती. कागदावर, वजनावर, चार शेतकऱ्यांच्या एका शब्दात ती कुठेच नव्हती.

आणि योगायोग पाहा. नानांच्या ओट्यापासून थोड्याच अंतरावर आंबेठाण आहे. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शरद जोशींनी तिथल्या कोरडवाहू रानात शेती मांडली. १९८० साली कांद्याच्या भावासाठी चाकणला रस्ता अडला तो त्यांच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवर. पुढच्याच वर्षी, १९८१ च्या मार्चमध्ये, तीच हाक निपाणीत पोचली आणि तंबाखूचे शेतकरी पुणे-बंगलोर महामार्गावर ठाण मांडून बसले. वडील त्यांच्यात होते. मी पाचवीत होतो, भाकरी पोचवायला गेलो होतो. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे बळी गेले. वडील रात्री उशिरा अनवाणी घरी आले. काय झाले ते त्यांनी कधी सविस्तर सांगितले नाही. एवढेच म्हणाले, "आज पहिल्यांदा आम्ही भाव बोललो."

चाकणचा कांदा आणि आमची तंबाखू यांचे नाते मला त्या ओट्यावर पन्नाशीनंतर उमगले.

आता ते शेवटचे. वडील स्वतःच्या शेतातल्या तंबाखूच्या बिड्या ओढत. खोकला जुना झाला, मग घसा धरला, मिरजेला नेले तेव्हा उशीर झाला होता. म्हणून स्पष्ट सांगतो. चिरुटाचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. तोंड, घसा आणि अन्ननलिकेचा कर्करोग त्यानेही होतो. एका बिडीत सुमारे पाव ग्रॅम तंबाखू, तर एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी असू शकते. मी चव घेतो म्हणून मला बाधणार नाही, असा हिशेब मीही करत होतो. वडीलही करत होते. त्या पाचव्या रविवारी नानांच्या ओट्यावर मी वही मिटली ती मिटलीच. पेटी नानांच्या घरी आहे, वहिनी तिच्यात कांद्याचे बी ठेवतात. देवदारासारख्या वासाची ती पेटी बियाला चांगलीच मानवली आहे.

मात्र वहीचे रकाने फेकू नका. ते तुमच्या कामाचे आहेत. आपला कांदा किती दिवस टिकला, कोणत्या वावरातला आधी सडला, आपल्या इंद्रायणी तांदळाचा भात दुसऱ्या दिवशी कसा लागतो, गूळ कोणत्या खताने पांढरा पडला, हे लिहून ठेवा. बायकापोरांना चाखायला बसवा, शेजाऱ्याचा माल शेजारी ठेवून पाहा. आपल्या मालाची प्रत आपल्याला सांगता आली, आणि चारजणांनी मिळून ती लिहून सांगितली, तर ढिगात हात घालणाऱ्याला तोंड वाकडे करण्याआधी विचार करावा लागतो.

पुढच्या लेखात पुन्हा फुलकिडे. तोवर राम राम.