धोट्याची वाट

ज्या घरात यंत्रमाग असतो त्या घरातल्या पोराला झोपेतही एक गोष्ट कळते : माग नीट चालला आहे की नाही. आमच्या बहादरपूरच्या घरात चार माग होते. खटक-खटक चालू असेपर्यंत आई निवांत असे. मध्येच 'धाड्' झाले की तिचा हात पोळपाटावरच थांबायचा. एक तर माग ठोकर खाऊन बंद पडलेला असे, नाहीतर धोटा सुटलेला असे.

धोटा सुटणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगायला हवे. कठीण लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी चोच बसवलेला हा धोटा पोटात सुताची कांडी घेऊन मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा या पेटीतून त्या पेटीत जातो. १७३३ साली जॉन के या इंग्रजाने त्याला हाताऐवजी दोरीच्या झटक्याने धाडण्याची युक्ती काढली, तेव्हापासून तो धावतोच आहे. त्याला रूळ नाहीत. खाली हात्याची फळी व तिच्यावर पसरलेले ताण्याचे धागे, पाठीला फणी. पुढे, म्हणजे विणकराच्या छातीकडे, काहीच नाही. सतराव्या शतकात ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने बऱ्हाणपूरचे कापड इराण, तुर्कस्तान, पोलंडपर्यंत जाते असे लिहून ठेवले. ते कापड हातमागावरचे. हातमागाच्या धोट्याने कुणाचा डोळा गेल्याचे मी ऐकलेले नाही. यंत्रमागाच्या धोट्याने गेल्याचे ऐकले आहे, आणि तो माणूस आमच्याच गल्लीतून काठी टेकत जात असे.

म्हणून त्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या तिसऱ्या मागाने दोन दिवसांत तीनदा धोटा फेकला, तेव्हा विणकर मागासमोर उभा राहीना. व्यापाऱ्याचा तगादा होता. मजुरी मीटरवर; माग उभा तर त्याचीही चूल उभी. आधी येऊन गेलेल्या एका कारागिराने टोल्याचा जोर कमी करून दिला होता. त्याने धोटा सुटायचा थांबला, पण पलीकडच्या पेटीत पोचेना; अर्ध्यात अडकून ताण्याचे शेदीडशे धागे तोडून बसला.

मग चाचा आले. बऱ्हाणपुरातले जुने जॉबर. मराठी बोलत ते आमच्या हिंदीत बुडवलेली. आल्या आल्या त्यांनी पाना उचलला नाही. फडक्यात गुंडाळलेली पोलादाची पट्टी काढली, फणी आणि उजव्या पेटीची पाठ यांना लावून धरली आणि मला म्हणाले, "बेटा, दिवा धर." पट्टी फणीला चिकटून होती, पेटीजवळ मात्र उजेडाची एक बारीक रेघ दिसली. फणीचे टोक पेटीच्या पाठीपेक्षा पोस्टकार्डाच्या जाडीएवढे पुढे आले होते. पेटीतून निघालेला धोटा त्या कडेला घासायचा आणि नाक पुढे काढायचा.

फणीवरची टोपी सैल करून त्यांनी फणी पुन्हा बसवली, पेटीच्या पाठीमागे पुठ्ठा घातला, पुन्हा पट्टी, पुन्हा दिवा. मग फळी व पेटीचा तळ एका पातळीत आहे का ते पाहिले. मग टोला देणाऱ्या पिकरचे झिजलेले भोक. कमी केलेला जोर सर्वांत शेवटी परत दिला. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, हा त्यांचा हट्ट. वेळ जुळवताना त्यांनी मोटर लावू दिली नाही. चाक हाताने फिरवले, पूर्ण दोन फेरे. कारण वरचा दांडा दोनदा फिरतो तेव्हा खालचा एकदा, आणि एक टोला डावीकडचा, एक उजवीकडचा. ताण्याचे तोंड पुरेसे उघडल्यावर टोला बसला पाहिजे आणि ते मिटण्याआत धोटा पार झाला पाहिजे.

वडील येरझाऱ्या घालत होते. "चाचा, संध्याकाळपर्यंत?"

"शेठ, डोळा गेला तर संध्याकाळ कोणाला दिसणार?"

त्या वेळी माझे मामा आलेले होते. ते हद्दीपलीकडे, वरणगावच्या आयुध निर्माणीत. १९६४ सालचा कारखाना, बंदुकीच्या काडतुसांचा. कामाबद्दल मामा कधी बोलत नसत. त्या दिवशी पट्टी पाहून एवढेच म्हणाले, की काडतुसाची नळी पितळेच्या वाटीपासून टप्प्याटप्प्याने ओढून काढतात. ठोकणारा दांडा साच्याच्या मध्यावरून केसभर सरकला तर नळीची एक भिंत जाड, दुसरी पातळ. आणि ही गोष्ट पहिल्या टप्प्यातच पकडायची असते. चाचांनी मान न वर करता विचारले, "तुमच्याकडे पट्टी कोणती?" मामा हसले, उत्तर दिले नाही. दोघांचा चहा मात्र एकाच बशीतून झाला.

रात्री नऊला माग सुरू झाला. चाचा तासभर बाजूला उभे राहिले. समोर नव्हे, बाजूला. हात्यासमोर गजाची आड बसवल्याशिवाय विणकराला त्यांनी तिथे उभे राहू दिले नाही.

माल दोन दिवस उशिरा गेला आणि व्यापाऱ्याने भाव कापला. विणकराला बंद दिवसांची अर्धी मजुरी मिळाली. आई म्हणाली पूर्ण द्या, वडिलांनी अर्धीच दिली. चाचांना ते काही बोलले नाहीत. पाडव्याच्या सकाळी मला सायकल देऊन बऱ्हाणपूरला पाठवले : "चाचांना सांग, उरलेल्या तिन्ही मागांना पट्टी लावायची आहे. गजही घेऊन ये."