दहा रुपयांच्या आतले गुप्तधन

माणसाला एखादा छंद असावा, असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. कोणता असावा हे मात्र कोणी सांगत नाही आणि सगळा घोटाळा तिथेच होतो. आमच्या बँकेत एकाला काडेपेट्यांवरची चित्रे जमवण्याचा छंद आहे. दुसऱ्याला रजा जमवण्याचा आहे. तिसरा वर्षानुवर्षे दुसऱ्यांची बॉलपेने जमवत आला आहे. त्याच्यामुळेच काउंटरवरचे पेन आम्हांला सुतळीने बांधून ठेवावे लागते. मला स्वतःला छंद नाही. मी बी.कॉम. आहे.

आमच्या साडूभाऊंचा छंद मात्र या सगळ्यांच्या वरताण. ते गेली पंचवीस वर्षे इंग्लंडात असतात. रविवारी पहाटे, जेव्हा सभ्य माणसाने पांघरूण डोक्यावरून घ्यावे, तेव्हा ते कानांवर हेडफोन चढवून आणि हातात मेटल डिटेक्टर घेऊन मैदानात फिरतात. लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटलीएवढे कडे. कडे जमिनीवरून फिरवत जायचे. खाली धातू असला की यंत्र 'कुंई' करते. मग गुडघे टेकून खुरप्याने खणायचे. बहुतेक वेळा बाटलीचे बूच निघते. क्वचित एखादे जुने नाणे निघते आणि मग साडूभाऊ त्याचा फोटो आम्हांला रात्री दोन वाजता पाठवतात.

आपल्याकडे मेटल डिटेक्टर म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको. मॉलच्या दारात ती चौकट असते. आपण तिच्यातून गेलो की ती ओरडते, तिथला रखवालदार आपल्याकडे बघतो, आपण "किल्ल्या" म्हणतो आणि तो "जा" म्हणतो. यंत्र ओरडल्यावर कोणीतरी खणायला बसते, हे मला साडूभाऊंमुळे प्रथम कळले.

तर झाले असे, की त्यांच्या गावच्या कौन्सिलने सार्वजनिक बागांत मेटल डिटेक्टर वापरायला बंदी केली. तिकडे हे नवीन नाही. लंडनच्या शाही उद्यानांतही परवानगीशिवाय हे यंत्र चालत नाही. तिथल्या पुरातत्त्ववाल्यांनी तर १९८० साली 'आमचा भूतकाळ चोरणे थांबवा' अशा अर्थाची मोहीमच उघडली होती. मी साडूभाऊंना फोनवर विचारले, "मग आता तुम्ही लोक काय करणार?"

"पत्र लिहिणार," ते म्हणाले.

मला वाटले, पुढे मोर्चा, घेराव, निदान काळ्या फिती तरी असतील. पण नाही. १९८१ साली या छंदिष्टांनी आपली राष्ट्रीय परिषद स्थापन केली, आचारसंहिता केली आणि पत्रे लिहिली. आम्ही खणलेला खड्डा बुजवू, निघालेला कचरा घरी नेऊ, जमीनमालकाला आधी विचारू, मोलाचे सापडले तर म्युझियमला दाखवू! पुढे १९९६ साली पार्लमेंटने कायदा केला आणि सापडलेल्या वस्तूंची नोंद घ्यायला अधिकारीही नेमले गेले. ज्यांना काल चोर म्हणत होते, त्यांच्याकडूनच आज माहिती घेतात. याला म्हणतात पत्रव्यवहार!

त्यांची मुख्य ढाल मात्र एका हातोडीची आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात सफोकमधल्या हॉक्सन गावी एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. एरिक लॉज नावाचा त्याचा मित्र मेटल डिटेक्टर घेऊन ती शोधायला गेला. सापडली रोमन काळातली सोन्याचांदीची जवळजवळ पंधरा हजार नाणी! त्याने सगळे उपसले नाही; थोडे काढून अधिकाऱ्यांना कळवले. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले आणि त्याने ते शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडीही सापडली. तीसुद्धा आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. म्हणजे त्या शेतकऱ्याला पुन्हा खिळा ठोकायचा, तर नवीनच हातोडी घ्यावी लागली असणार.

आपल्याकडे या कामाला यंत्र कधीच लागले नाही. आपल्याकडे पायाळू माणूस असतो. जन्मताना ज्याचे पाय आधी आले त्याला म्हणे जमिनीतले धन दिसते. आमच्या गावचा पायाळू आयुष्यभर दुसऱ्यांची धने दाखवत फिरला आणि स्वतः पोस्टात बदली शिपाई म्हणून राहिला. गुप्तधनापायी माणसे अघोरी प्रकारही करतात. त्याला आळा घालायला महाराष्ट्राला २०१३ साली कायदा करावा लागला. इंग्रजांच्या खुरप्याला मी हसतो खरा, पण ते निदान स्वतःच्या घामाने खणतात.

अलीकडे आपणही यंत्रयुगात आलो. २०२५ च्या फेब्रुवारीत 'छावा' हा चित्रपट लागला. त्यात बऱ्हाणपूर आणि मोगलांचे सोने दिसले मात्र, मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या आसपासची शेते लोकांनी रात्रीच्या रात्री खणून काढली. हातांत टॉर्च, फावडी आणि चक्क मेटल डिटेक्टर! सरकारी यंत्रणेला धाव घ्यावी लागली. जळगावच्या शेजारचीच ही हकीकत. सिनेमा पाहून लोक रडल्याचे मी ऐकले होते, पण सिनेमा पाहून नांगरट केल्याचे प्रथमच ऐकले.

अशा या मोसमानंतर, गेल्या हिवाळ्यात, साडूभाऊ यंत्रासकट गोवंडीला आमच्याकडे उतरले. विमानतळावर एका मेटल डिटेक्टरने दुसऱ्या मेटल डिटेक्टरची तपासणी केली, तेव्हा दोघेही ओरडले म्हणे.

"भावोजी, हे इथे चालतं का?" बायकोने काळजीने विचारले.

मी कायदा शोधून काढला. बँकेत आम्हांला ही सवयच असते. काम करण्यापूर्वी ते न करण्याचा नियम बघायचा. कायदा आहे १८७८ चा. जमिनीत दडलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले, तर ते कलेक्टरला लेखी कळवले पाहिजे. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. कळवल्यास नोटीस निघते, चार ते सहा महिन्यांनी दावेदारांना बोलावतात आणि कोणीच नाही आले, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जमीनमालकाला. दहा रुपये! १८७८ मध्ये ती मोठी रक्कम असेल. आज त्यात वडा येईल, तोही पावाशिवाय. हरवणे हा आपल्याकडे गुन्हा नाही. सापडणे मात्र जपून.

आमच्या बँकेत वेगळे काय आहे? दहा वर्षे कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते आणि २०२३ पासून ती शोधायला 'उद्‌गम' नावाचे संकेतस्थळही आहे. तेही एक मेटल डिटेक्टरच. फक्त 'कुंई' करत नाही.

साडूभाऊंनी जवळच्या बागेत यंत्र सुरू केले. ते ओरडू लागले ते थांबेचना. गोवंडीची जमीन आहे ती! शेजारी देवनारला १९२७ पासून मुंबई आपला कचरा आणून टाकते आहे. इथे खिळा, पत्रा, तार, बूच, डबा यांशिवाय माती मिळाली तर ती बाहेरून आणलेली समजावी. तेवढ्यात रखवालदार आला.

"काय चाललंय?"

"छंद आहे," साडूभाऊ म्हणाले.

"मनाई आहे."

"कुठे लिहिलंय?" साडूभाऊंनी पाटीकडे बोट दाखवले. फुले तोडू नका, हिरवळीवर चालू नका, चेंडू खेळू नका. मेटल डिटेक्टरचा उल्लेख नव्हता.

"तुम्ही आज आलात," रखवालदार शांतपणे म्हणाला, "आता लिहितील."

साडूभाऊ घरी येऊन पत्राचा मसुदा करायला बसले. एवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. दोन महिन्यांपूर्वी नातवाला खेळवताना त्यांच्या कानातली कुडी त्याच बागेत, घसरगुंडीखालच्या वाळूत पडली होती. कुडीपेक्षा मोठे दुखणे निराळे होते. सुनेची समजूत अशी, की आजींनी ती लेकीला दिली. उघड कोणी बोलत नव्हते. फक्त दोन महिने आजींच्या पानात दुसरी पोळी विचारून पडत होती.

"मी दिलेली नाही हो," आजी एवढेच म्हणाल्या.

साडूभाऊंनी मसुदा बाजूला ठेवला. आजी स्वतः रखवालदाराकडे गेल्या. काय बोलल्या ठाऊक नाही. परत येऊन म्हणाल्या, "साडेदहाला तो चहाला जातो. परत यायला त्याला तास लागतो."

साडेदहाला आम्ही वाळूत. यंत्र पुन्हा बेभान. सोने असले तरी ऐकू कसे येणार? शेजारी एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा केव्हाचा उभा होता. त्याच्या हातात सुतळी आणि सुतळीला जुन्या लाऊडस्पीकरचे गोल लोहचुंबक.

"अंकल, पहले लोहा निकालो ना," तो म्हणाला. "मग तुमचं मशीन खरं बोलेल."

त्याने चुंबक वाळूतून असे फिरवले की जणू अंगणात रांगोळीच काढतो आहे. पाऊण तासात खिळे, स्क्रू, बुचे, एक अख्खे कुलूप असा ढीग झाला. सोने चुंबकाला चिकटत नाही. ते मागे राहिले. मग यंत्र एकदाच, हळू आवाजात बोलले. कुडी निघाली! तिच्या आधी एक नाणेही निघाले, ते पोराने खिशात टाकले. आजींनी कुडी पदराला पुसली आणि घालायला न थांबता तशीच मुठीत धरून घरी गेल्या. त्या रात्री खालच्या मजल्यावर भांडण झाले नाही, हे वरच्या मजल्यावर आम्हांला स्पष्ट ऐकू आले.

रखवालदार परत आला. वाळूकडे बघून म्हणाला, "माझी सायकलची किल्ली पण त्या कोपऱ्यातच पडली आहे. उद्या साडेदहाला मी पुन्हा चहाला जाणार आहे."

पोराने लोखंड पिशवीत भरले. भाव त्याला तोंडपाठ होता. माझ्या बँकेतले व्याजदर मला नाहीत. त्याची आई देवनारच्या डोंगरावर वेचायला जायची. २०१६ च्या जानेवारीत तिथे मोठी आग लागली, फाटकावर पहारा बसला आणि वेचणाऱ्यांना आत मज्जाव झाला. गंमत पाहा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारने नियम काढले, की कचरावेचकांना ओळखावे आणि कामात सामावून घ्यावे. त्या भागातल्या वेचणाऱ्या बायकांना स्त्री मुक्ती संघटनेने कधीपासून एकत्र आणले, ओळखपत्रेही मिळवून दिली. याच्या आईपर्यंत मात्र त्यातले काही पोचले नव्हते.

साडूभाऊंनी त्याला आपल्या कौन्सिलची कथा सांगितली.

"उधर बंदी किया तो वो लोग क्या करते?"

"पत्र लिहितात."

"और वो सुनते?" त्याला हे रोमन नाण्यांपेक्षाही नवल वाटले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अंकल, तुम्ही बँकेत ना? मग आईसाठी एक लिहून द्या. ओळखपत्राचं."

छंद आणि धंदा यांत फरक काय, हे मला त्या दिवशी कळले. एकच माती, एकच धातू, एकच मनाई. ज्याला पत्र लिहिता येते त्याचा तो छंद.

मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, मा. महोदय, सगळे रीतसर. बॉलपेनाला सुतळी नव्हती एवढाच फरक. साडूभाऊंनी इंग्रजीतून एक प्रत केली, आचारसंहितेसकट. पोराने दोन्ही कागद घडी करून शर्टाच्या आत ठेवले आणि वाळूतून निघालेले ते नाणे माझ्या टेबलावर ठेवले. लिहिण्याचे पैसे. मी नको म्हटले, तो ऐकेना.

मी नाणे पुसून पाहिले. दहाचे होते. बरोबर दहाचे. वर एक पैसा नाही. कलेक्टरला कळवण्याची गरज नव्हती.